अंगठा का जुळत नाही?

रेशन दुकानाच्या रांगेतलं हे दृश्य आता सवयीचं झालं आहे. साठी-सत्तरीची बाई पुढे येते, पदराला अंगठा पुसते आणि दुकानदाराने पुढे केलेल्या यंत्राच्या काचेवर तो दाबते. यंत्र क्षणभर थांबतं आणि ठसा जुळला नाही असं सांगतं. मग दुसरा अंगठा. मग तर्जनी. मागून कोणी सुचवतं, ‘‘केसांवरून बोट फिरव, तेल लागू दे.’’ कोणी म्हणतं, ‘‘जोरात दाब.’’ शेवटी दुकानदार म्हणतो, ‘‘मावशी, सर्व्हर स्लो आहे, संध्याकाळी या.’’

ती बाई घरी परत जाते ती एका समजुतीने: आपलं बोट खराब झालं आहे. तसं असेलही. पण कदाचित रेंज गेली असेल, किंवा पंधरा वर्षांपूर्वी नोंदणी करताना झालेली एखादी चूक आज पुढे आली असेल. या तीन कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि ती ओळखणं हे माहिती तंत्रज्ञानातलं एक स्वतंत्र, कसबी काम आहे.

नंदुरबार जिल्ह्याशी या कामाचं जुनं नातं आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचं वाटप झालं. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी या कार्यक्रमाला आले होते. त्या दिवशी गावातल्या दहा जणांना क्रमांक मिळाले आणि रंजना सोनवणे देशातल्या पहिल्या आधारधारक ठरल्या. टेंभलीची ओळख ‘आधार गाव’ अशी झाली. पुढे पत्रकार अधूनमधून तिथे जाऊन कार्डाने काय दिलं, असं विचारत राहिले आणि गावकरी बहुतेक वेळा रोजगाराच्या प्रश्नाकडे बोट दाखवत राहिले.

आयटीत काम करतो म्हटलं की पुण्या-बंगळूरची काचेची इमारत डोळ्यांपुढे येते. आधारच्या मागेही अशा इमारती होत्याच. नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील विशिष्ट ओळख प्राधिकरणाचं तंत्रज्ञान केंद्र बंगळूरलाच उभं राहिलं आणि श्रीकांत नाधमुनी, प्रमोद वर्मा यांच्यासारख्या अभियंत्यांनी त्याची रचना केली. पण या रचनेचं दुसरं टोक गावात होतं. शाळेच्या एखाद्या वर्गात लॅपटॉप, बोटांचं स्कॅनर, बुबुळांचा कॅमेरा, वेबकॅम आणि प्रिंटर मांडून बसलेला ऑपरेटर, हे ते टोक. बाहेर रांग, आत बेभरवशाची वीज. देशातली सर्वात मोठी जैविक ओळख यंत्रणा या दोन टोकांमध्ये उभी आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ माणसाच्या कातडीत आहे.

काचेवर काय घडतं

स्कॅनर बोटाचा साधा फोटो काढतो असं आपल्याला वाटतं. प्रचलित स्कॅनरमधली युक्ती थोडी वेगळी आहे. आत काचेचा एक लोलक असतो. त्याच्या पृष्ठभागावर आतल्या बाजूने विशिष्ट कोनातून प्रकाश पडतो आणि तो आतल्या आतच पूर्णपणे परावर्तित होतो. शाळेत शिकवतात तेच पूर्ण आंतरिक परावर्तन. बोट ठेवलं की कातडीवरच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकतात. टेकलेल्या जागी प्रकाश कातडीत निसटतो, म्हणून ती जागा चित्रात काळी दिसते. दोन रेषांमधल्या खोलगट भागात हवा असते, तिथे परावर्तन चालू राहतं आणि तो भाग पांढरा दिसतो.

म्हणजे चित्र उमटतं ते स्पर्शामुळे. कातडी कोरडी असेल तर उंचवटे काचेला नीट चिकटत नाहीत आणि रेषा तुटक येतात. हात ओले असतील तर खोलगट भागातही पाणी भरतं आणि सगळा काळा डाग उमटतो. रांगेतले तेलाचे सल्ले अगदीच निराधार नाहीत ते यासाठी. थोडा ओलावा, थोडा स्निग्धपणा कोरड्या बोटाला मदत करतो. मात्र तेच तेल काचेवर राहिलं की पुढच्या माणसाच्या ठशात मागच्याचा ठसा मिसळतो. काच पुसण्याचं फडकं हे या व्यवसायातलं फार महत्त्वाचं आणि फार दुर्लक्षित साधन आहे.

चित्र मिळाल्यावर संगणक रेषांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. रेषा कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, तेवढे बिंदू तो टिपतो. चांगल्या ठशात असे तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त बिंदू सापडतात. प्रत्येकाची जागा आणि दिशा मिळून एक नकाशा होतो. जुळवणी होते ती मुख्यतः या नकाशांची.

या रेषा येतात कुठून? गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून बोटांवर त्या तयार होऊ लागतात आणि सतरा-अठरा आठवड्यांपर्यंत त्यांची मांडणी ठरते. एडिंबरा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये यामागची यंत्रणा दाखवली. बोटाच्या पेराचा मध्य, नखाजवळचं टोक आणि सांध्याची घडी अशा ठिकाणांहून रेषांच्या लाटा निघतात आणि त्या एकमेकींना जिथे भेटतात त्यावर शंख, चक्र की कमान हे ठरतं. रेषा उमटवणाऱ्या आणि त्यांना रोखणाऱ्या रासायनिक संदेशांचा हा खेळ आहे. अशा खेळातून ठिपके आणि पट्टे तयार होऊ शकतात, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्येच मांडलं होतं. संगणकशास्त्राच्या जनकांपैकी एकाने बोटांच्या रेषांचंही गणित आधीच सोडवून ठेवावं, हा योगायोग मजेशीर आहे.

ठशांच्या वापराचा इतिहासही आपल्याच मातीतला. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांच्या वर्गीकरणाचं बरंचसं अवघड काम केलं; जगभर ती पद्धत मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. आजच्या भाषेत हक आणि बोस हे डेटाबेसचे तज्ज्ञच म्हणायचे. हजारो कागदांतून हवा तो ठसा पटकन कसा शोधायचा, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

कष्टाचे हात

रेषांची मांडणी कातडीच्या आतल्या थरात पक्की असते. झिजतो तो वरचा थर. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळवणारे आणि देठं खुडणारे हात, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारे हात, खडी फोडणारे, राखेने भांडी घासणारे, सिमेंट कालवणारे हात. या सगळ्यांचा वरचा थर सतत घासला जातो. सिमेंट आणि चुना अल्कधर्मी असल्याने कातडी नुसती झिजवत नाहीत, भाजतातही. गवंड्यांची बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत ती त्यामुळेच.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की वरचा थर साधारण महिनाभरात नवा येतो आणि खालच्या नकाशाबरहुकूम रेषा पुन्हा उमटतात. हातांना काही आठवडे उसंत मिळाली तर तेच बोट पुन्हा जुळू शकतं. पण ऊसतोडीच्या हंगामात ही उसंत कुठून आणायची?

वयाचा परिणाम याहून टिकाऊ असतो. म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल होते, घाम कमी येतो, उंचवटे सपाट होतात. इसब आणि सोरायसिसमध्ये रेषा तुटतात. कुष्ठरोगात संवेदना गेलेली बोटं भाजतात, झडतात; अशा रुग्णांकडून दहा बोटांचे ठसे मागणंच निरर्थक असतं. काही औषधंही हा परिणाम करतात. कॅपेसिटाबिन हे कर्करोगावरचं औषध घेताना तळहात-तळपायांची सालं निघू शकतात. सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसेच उमटत नाहीत म्हणून काही तास थांबवून ठेवलं होतं. हा प्रसंग २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आणि डॉक्टरांनी अशा रुग्णांना प्रवासात पत्र सोबत ठेवण्याचा सल्ला दिला. रेशनच्या रांगेतल्या रुग्णाला मात्र असं पत्र कोणी देत नाही.

एका मिनिटाची नोंद

नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं आणि प्रत्येक नोंदणीवर त्याचा स्वतःचा ठसा लागतो. काम वरवर सोपं दिसतं: आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, त्यानंतर दोन्ही बुबुळं आणि चेहरा. पडद्यावर प्रत्येक ठशाची प्रत कशी आहे, हे दिसतं. ठसा फिका आला की पुन्हा प्रयत्न. ठरावीक प्रयत्नांनंतर जमलं नाही तर जे मिळालं त्यातलं बरं घेऊन पुढे जाता येतं.

खरी कसोटी इथेच लागते. रांगेत शंभर माणसं असताना ऑपरेटर ओल्या फडक्याने बोट पुसून, दोन मिनिटं थांबून पुन्हा ठसा घेतो की फिकट ठशावरच ‘पुढे’चं बटण दाबतो? दोन्ही वेळा क्रमांक मिळतो, पावती मिळते, माणूस समाधानाने घरी जातो. फरक दिसतो तो काही वर्षांनी. त्या मिनिटाला घेतलेला ठसाच पुढच्या प्रत्येक पडताळणीचा आधार असतो आणि तो फिका असेल तर नंतर कितीही चांगलं बोट टेकवलं तरी तुलना फिक्याशीच होते. नोंदणीच्या गडबडीत एकाची बोटं दुसऱ्याच्या नावावर जाण्याचे प्रकारही घडतात. तुटलेलं किंवा नसलेलं बोट ‘अपवाद’ म्हणून नोंदवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून आहे. ती वापरायची की नाही, हे यंत्र ठरवत नाही.

नावाचंही तेच. इंग्रजीत टंकलेलं नाव सॉफ्टवेअर मराठीत करतं, ते वाचून दुरुस्त करायचं असतं. पावराचं पावारा झालं, वळवीचं वालवी झालं, तर कागदावर माणूसच बदलतो. जन्मतारखेची कथा आणखी जुनी आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेल्या पिढ्या महाराष्ट्रात सगळीकडे आहेत. आधारच्या अर्जात जन्मतारीख कागदपत्राने सिद्ध झालेली आहे, सांगितलेली आहे की अंदाजे, हे वेगळं नोंदवायची तरतूद होती. पुढे कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीवर हा फरक कोणी विचारत नाही.

नोंदणीच्या रचनेतली एक गोष्ट मात्र डोंगरी भागाचा नीट विचार करून केलेली होती. नोंदणीला इंटरनेट लागत नसे. भरलेली माहिती २०४८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद होई आणि नंतर ती खुद्द ऑपरेटरलाही उघडता येत नसे. ही पाकिटं पुढे जिथे जाळं मिळेल तिथून पाठवली जात. सुरुवातीच्या काळात तर हार्ड डिस्कवर भरून कुरिअरनेही गेली. रेंज नसलेल्या पाड्यावरचा माणूस केवळ रेंज नाही म्हणून वगळला जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती.

सहा कोटी कोटी तुलना

पाकीट बंगळूरला पोहोचलं की दुसऱ्या प्रकारच्या तज्ज्ञांचं काम सुरू होतं. हा माणूस आधीच नोंदलेला तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्याची तुलना नोंदलेल्या प्रत्येकाशी करायची असते. दिवसाला दहा लाख नवी माणसं आणि यादीत साठ कोटी, असा एक काळ होता. गुणाकार केला तर एका दिवसात सहा कोटी कोटी तुलना होतात. सहावर चौदा शून्यं.

एवढ्या तुलनांमध्ये बारीकशी चूकही फुगते. समजा, दोन अनोळखी माणसं चुकून एकसारखी वाटण्याची शक्यता एका तुलनेत लाखात एक आहे. हे प्रमाण उत्तम वाटतं. पण दहा कोटींच्या यादीशी तुलना केली तर प्रत्येक नव्या माणसामागे हजार खोटे जुळे निघतील. केवळ एका-दोन बोटांवर हे काम भागलं नसतं. म्हणून दहाही बोटं, म्हणून बुबुळं, आणि म्हणून एकाऐवजी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची जुळवणी यंत्रणा वापरली गेली.

बुबुळाची निवड त्या वेळी खर्चिक म्हणून वादाची ठरली होती. पण त्यामागचं विज्ञान भक्कम आहे. बुबुळातल्या तंतूंची वीण जन्माआधीच तयार होते, पारदर्शक पटलाच्या मागे सुरक्षित राहते आणि खुरप्याने झिजत नाही. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी १९९०च्या दशकात या विणीचं रूपांतर २०४८ बिटांच्या संकेतात करण्याची पद्धत शोधली. दोन वेगळ्या डोळ्यांच्या संकेतांमध्ये साधारण निम्मे बिट वेगळे असतात, नाणं उडवल्यासारखे. एकाच डोळ्याच्या दोन चित्रांमध्ये फरक त्याहून पुष्कळ कमी निघतो. ही दरी इतकी रुंद आहे, की कोट्यवधी तुलनांमध्येही चूक क्वचितच होते. डोळ्यात फूल पडलेलं असेल, इजा झाली असेल, तर अर्थातच अडचण येते.

प्राधिकरणाने २०१२ मध्ये, ८.४ कोटी नोंदी असताना केलेल्या मोजणीत, नव्या माणसाला चुकून ‘आधीच नोंदलेला’ ठरवण्याचं प्रमाण ०.०५७ टक्के होतं. दिवसाला दहा लाख नोंदणी धरली तर रोज सुमारे पावणेसहाशे माणसं यंत्राच्या लेखी संशयित. ही प्रकरणं मग पडद्यासमोर बसलेल्या माणसांकडे जातात. ती दोन फोटो शेजारी ठेवतात, नाव-वय पाहतात आणि ठरवतात, की या दोन वेगळ्या बायका आहेत. जगातल्या अतिशय वेगवान यंत्रणेचा शेवटचा टप्पा असा माणसाच्या डोळ्यांवर येऊन थांबतो.

बारा आकडी क्रमांकातही एक छोटी युक्ती आहे. त्यात जात, जिल्हा, वय यांपैकी काहीही दडलेलं नाही. तो मुद्दामच अर्थहीन ठेवला आहे. फक्त शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. याकोबस व्हेर्हूफ या डच गणितज्ञाची १९६९ची ही रीत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते लगेच पकडते. अंगणवाडीच्या वहीतून क्रमांक उतरवताना होणाऱ्या चुका नेमक्या याच असतात.

दुकानातला ‘नाही’

रेशन दुकानात घडतं ते यापेक्षा सोपं काम. तिथे बाई आपला क्रमांक आधी सांगते आणि यंत्राला फक्त एवढंच पाहायचं असतं, की हे बोट त्या क्रमांकाचं आहे का. साठ कोटींशी तुलना नाही, एकाशीच. तरीही उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ नसतं. दोन नकाशांचं साम्य गुणांमध्ये येतं आणि किती गुणांना पास म्हणायचं, ही रेषा कोणीतरी आखलेली असते. रेषा वर नेली तर दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणारा अडतो, पण खरी लाभार्थीही अडते. खाली आणली तर उलट. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी जागा नाही. तिला तांत्रिक निर्णय म्हणतात खरं, पण कोणाची चूक कोणी सोसायची, हे त्यातूनच ठरतं.

प्राधिकरणाच्याच २०१२च्या ठसा-पडताळणी अहवालात याचे आकडे आहेत. सर्वोत्तम बोट एकदाच टेकवलं तर सुमारे ९३ टक्के वेळा जुळलं. तेच बोट तीनदापर्यंत टेकवू दिलं तर हे प्रमाण ९६च्या वर गेलं. दोन सर्वोत्तम बोटं वापरली तर ते ९९च्या आसपास पोहोचलं. शंभर जणांच्या रांगेत पहिल्या पद्धतीने सहा-सात जण अडतात, शेवटच्या पद्धतीने एखादा. यंत्र तेच, माणसं तीच. फरक फक्त वापरण्याच्या रीतीचा. ‘सर्वोत्तम बोट’ शोधून देण्याची सोयही त्याच काळात तयार झाली होती. अंगठाच लावायचा, हा नियम नाही, निव्वळ सवय आहे. सही येत नसलेल्यांच्या अंगठ्याची आपली जुनी परंपरा यंत्रयुगातही चालू राहिली, इतकंच. उलट कामात अंगठा आणि तर्जनी जास्त झिजतात. अनामिका पुष्कळदा शाबूत असते.

पडताळणी फसली की यंत्रणा एक त्रुटी क्रमांक पाठवते. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे त्या व्यक्तीने आपली जैविक माहिती स्वतःच कुलूपबंद केली आहे. १०० म्हणजे नाव-जन्मतारखेसारखी माहिती नोंदीशी जुळत नाही. आणि सर्व्हरपर्यंत मागणी पोहोचलीच नाही, तर यांपैकी काहीच येत नाही, कारण ठसा तपासलाच गेलेला नसतो. म्हणजे ‘बोट खराब आहे’ आणि ‘रेंज नाही’ यातला फरक यंत्राला पक्का ठाऊक असतो. बाईपर्यंत मात्र ‘नाही’ एवढंच पोहोचतं. लहानशा पडद्यावर इंग्रजीत येणारा आकडा तिला कोणी वाचून दाखवत नाही आणि बऱ्याचदा दुकानदारालाही त्याचा अर्थ कोणी शिकवलेला नसतो.

नोंदणी आणि पडताळणी यांच्यात हा मोठा फरक राहून गेला. नोंदणी रेंजशिवाय होत होती, आयुष्यात एकदा. पडताळणीला रेंज लागते आणि ती दर महिन्याला करायची असते. नंदुरबारच्या सपाटीवर, शहादा-तळोद्याकडे हे कसंबसं निभतं. सातपुड्यात चढलं की चित्र बदलतं. अक्राणी आणि अक्कलकुव्यातली नर्मदाकाठची गावं सरदार सरोवराच्या पाण्याने वेढली गेली. काही ठिकाणी आरोग्य पथकही बोटीने जातं, तरंगता दवाखाना घेऊन. तिथे फोनची रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते. पाच किलो धान्याचा निर्णय शेकडो किलोमीटरवरच्या सर्व्हरने द्यायचा असेल, तर मधला प्रत्येक टॉवर हा त्या रेशनकार्डाचाच भाग होतो. ठसा नाही तर ओटीपी, हा पर्याय कागदावर चांगला आहे. पण नोंदवलेला मोबाइल बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि मुलगा सुरतेला.

कायद्याने इथे दार पूर्ण बंद केलेलं नाही. केवळ पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून तो द्यावा आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी, असं प्राधिकरणाने २०१७च्या परिपत्रकात सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात आधारविरुद्ध झालेल्या दीर्घ सुनावणीतही वगळल्या जाणाऱ्यांचा मुद्दा होता. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात बहुमताने कल्याणकारी योजनांसाठी आधार ग्राह्य धरला, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी मत नोंदवलं. अपवादाची नोंदवही ठेवायची तर तिच्यात लिहिणारा माणूस लागतो आणि लिहिल्यावर संशय आपल्यावर येणार नाही, अशी त्याची खात्री लागते. बाईला संध्याकाळी परत या म्हणणं त्यापेक्षा सोपं पडतं.

पैशांच्या योजनांमध्ये गोंधळ आणखी अदृश्य असतो. आधारवर पाठवलेली रक्कम त्या क्रमांकाशी सर्वात शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. कोणी मेळाव्यात नवं खातं उघडून दिलं आणि आधार तिकडे जोडला, की जुन्या पासबुकात पैसे येणं थांबतं. बाळंतपणाचं अनुदान ‘आलंच नाही’ म्हणून आरोग्य केंद्रात चकरा मारणाऱ्या आईचे पैसे कधीकधी तिच्याच नावाच्या, तिला न आठवणाऱ्या खात्यात पडून असतात.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या रेषा इतक्या बारीक असतात, की नेहमीच्या स्कॅनरला त्या नीट टिपता येत नाहीत. म्हणून त्यांचे ठसे घेतच नाहीत. पाचव्या वर्षी ठसे आणि बुबुळं द्यायची, पंधराव्या वर्षी ती पुन्हा द्यायची. बोट वाढतं, रेषांमधलं अंतर वाढतं आणि जुना नकाशा सैल पडतो. आश्रमशाळेतल्या मुलांचं हे अद्ययावतीकरण राहून गेलं, तर शिष्यवृत्तीच्या किंवा परीक्षेच्या वेळी ते लक्षात येतं, तेव्हा मुदत संपत आलेली असते.

या सगळ्यावर उपाय करणारी माणसं तालुक्याच्या आधार केंद्रात बसतात. ठसा सतत फसत असेल तर तिथे जाऊन बोटं आणि बुबुळं नव्याने देता येतात. नवा, स्वच्छ ठसा जुन्या फिकट ठशाची जागा घेतो. जाण्याआधी काही दिवस हातांना रात्री खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं, शक्य तर सिमेंट-चुन्याचं काम टाळावं आणि केंद्रात बसण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोट सपाट ठेवावं. फार जोरात दाबलं तर उंचवटे पसरून एकमेकांना चिकटतात.

चांगला ऑपरेटर घाई करत नाही. आधी काच पुसतो. बाईचा हात उलटा-सुलटा करून पाहतो आणि भेगा कोणत्या बोटावर कमी आहेत ते शोधतो. ओलसर फडक्याने बोट पुसतो, फुंकर घालायला सांगतो, पुन्हा टेकवतो. डाव्या हाताची अनामिका पहिल्याच प्रयत्नात हिरवी दिसते. ‘‘आजी, दुकानात अंगठा नका लावू, हे बोट लावा,’’ तो म्हणतो आणि विसरू नये म्हणून पेनाने त्या बोटाच्या नखावर एक ठिपका काढून देतो.